विश्रांतीकडून चालण्याकडे : एका सल्ल्याचा इतिहास



इतिहासाचा शिक्षक स्मरणिकेत लिहू लागला म्हणजे तो एखाद्या किल्ल्याविषयी, एखाद्या सुलतानाविषयी किंवा स्वातंत्र्यलढ्याविषयी लिहील, अशी तुमची अपेक्षा असणार. ती रास्तही आहे. परंतु इतिहास केवळ राजांचा आणि लढायांचाच असतो असे नाही. रोगांचाही इतिहास असतो, औषधांचाही असतो, आणि माणसे एकमेकांना जे सल्ले देतात त्यांचाही असतो. आज मी तुम्हांला एका सल्ल्याचा इतिहास सांगणार आहे. तो सल्ला अगदी साधा, दोनच शब्दांचा आहे : 'विश्रांती घ्या.'

हा सल्ला एका विशिष्ट आजाराच्या रोग्यांना सुमारे शंभर वर्षे देण्यात आला. देणारे विद्वान होते. त्यांचा हेतू चांगला होता. सल्ल्याच्या मुळाशी एक खरे निरीक्षणही होते. आणि तरीही तो सल्ला बराचसा चुकीचा होता. असे कसे झाले आणि ही चूक कशी दुरुस्त झाली, हे समजून घेणे विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे; आणि ज्यांच्या घरी कोणी दीर्घकाळ आजारी आहे, त्या पालकांच्या तर अधिकच.

आजार कोणता?

या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात त्याला एम. एस. म्हणतात. आपल्या मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून असंख्य मज्जातंतू गेलेले आहेत. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या आवरणामुळे संदेश वेगाने धावतो. एम. एस.मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, तीच चुकून या आवरणावर हल्ला करते. आवरण जागोजागी झिजते आणि तेथे कठीण चट्टे पडतात. संदेश रेंगाळतो किंवा मध्येच अडतो. मग कोणाला अंधुक दिसू लागते, कोणाचा पाय जड होतो, कोणाचा तोल जातो, कोणाच्या हातापायांना मुंग्या येतात. आणि जवळजवळ सर्वांनाच असा थकवा येतो, की जो झोपेनेही जात नाही.

हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, ऐन उमेदीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २८ लाख माणसे या आजारासह जगत होती. तो थंड, युरोपीय देशांत जास्त आढळतो. पण आपल्याकडे तो नाहीच असे समजण्याचे कारण नाही. मुंबईचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या पारशी समाजातील या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज एम. आर. आय. यंत्रे जिल्ह्याच्या गावीही पोचल्यामुळे पूर्वी जे रोगी 'वाताचा झटका' किंवा 'अशक्तपणा' म्हणून सोडून दिले जात, त्यांचे निदान होऊ लागले आहे.

पॅरिसचे रुग्णालय आणि जर्मन नेत्रवैद्य

या आजाराचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन एका रोग्यानेच लिहून ठेवले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस दि'एस्ते याला १८२२ साली प्रथम दृष्टीचा त्रास झाला. पुढे पंचवीस वर्षे तो आजाराशी झगडत राहिला आणि १८४८ साली मरण पावला. त्याने आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेवली होती. ती वाचून विसाव्या शतकातील डॉक्टरांनी त्याचा रोग ओळखला. त्याच्या हयातीत मात्र या रोगाला नावही नव्हते.

ते नाव मिळाले १८६८ साली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को नावाचे थोर वैद्य होते. रोग्याला जिवंतपणी बारकाईने तपासायचे आणि मृत्यूनंतर त्याचा मेंदू व मज्जारज्जू उघडून पाहायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी लक्षणांची सांगड त्या चट्ट्यांशी घातली आणि हा एक स्वतंत्र रोग आहे हे आपल्या व्याख्यानांतून सिद्ध केले. शार्कोंनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती : या रोग्यांची स्मरणशक्ती दुबळी होते आणि विचार मंदावतात. दुर्दैवाने त्यांच्या या निरीक्षणाकडे पुढच्या पिढ्यांचे फारसे लक्ष गेले नाही. हा हातापायांचा आजार, डोक्याचा नव्हे, असाच समज रूढ झाला. तो समज कसा मोडला ते पुढे येईलच.

आता आपल्या गोष्टीतील मुख्य वळण. सन १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने एम. एस.च्या शंभर रोग्यांच्या डोळ्यांविषयी लिहिले. त्यांपैकी चार रोग्यांत एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हे लोक शारीरिक श्रम करू लागले, की त्यांची दृष्टी तात्पुरती मंद होई. थोडा वेळ थांबले, की ती पूर्ववत होई. निरीक्षण अगदी खरे होते. आजही डॉक्टर त्याला ऊटहोफचेच नाव देतात.

पण या निरीक्षणाचा अर्थ काय लावायचा? ऊटहोफला वाटले की दोष श्रमांचा आहे. वास्तविक दोष उष्णतेचा होता. श्रम केले की शरीर तापते, आणि आवरण झिजलेल्या तंतूतून जाणारा संदेश शरीर थोडे तापले तरी अडखळतो. कडक उन्हाने, तापाने, गरम पाण्याच्या स्नानानेही तेच होते. विसाव्या शतकाच्या मध्यास तर डॉक्टर निदानासाठी रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का ते पाहत. शरीर निवाले की त्रास ओसरतो. त्याने नवा चट्टा पडत नाही, आजार पुढे सरकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. शंभरांपैकी चौघांत दिसलेली, काही वेळात नाहीशी होणारी गोष्ट! तिच्यावरून निष्कर्ष काय निघाला? सर्व रोग्यांनी, सर्व काळ, सर्व श्रम टाळावेत. त्यात रोग्यांचा थकवाही भरीला होता. थकलेल्या माणसाला विश्रांती द्यावी, हे कोणालाही पटण्यासारखेच आहे. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या डॉक्टर सांगत राहिले : शक्ती जपून ठेवा, दगदग करू नका, व्यायाम तर नकोच. शक्ती म्हणजे जणू मडक्यातले पाणी. वापरले की संपले. शक्ती ही वापरल्याने वाढते, हा साधा अनुभव या रोग्यांच्या बाबतीत कोणी पारखून पाहिलाच नाही.

आमच्या घरची गोष्ट

हा इतिहास मी पुस्तकी हौसेने वाचलेला नाही. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, तिला तिसाव्या वर्षी या आजाराने गाठले. आपा प्राथमिक शाळेत शिकवीत असे. मला पाढे तिनेच शिकवले, आणि मी बी. एड. करावे हा हट्टही तिचाच. निदान झाले तेव्हा एका डॉक्टरांनी जाता जाता सांगितले, "फार दगदग करू देऊ नका." बस्स, एवढेच. त्या एका वाक्याचा आम्ही घरी कायदा केला.

अम्मीने तिच्या हातून लाटणे काढून घेतले. अब्बांनी तिची नोकरी सोडवली. मी स्वतः, बाजारातून येताना ती एक पिशवी उचलू लागली, तर रागावून ती हिसकावून घेतली. पाहुणे येत, खुदाकडे दुआ मागत आणि जाताना बजावून जात : "हिला उठू देऊ नका हं." दोन वर्षांत आपा खिडकीजवळच्या पलंगाची झाली. तिचे पाय बारीक झाले. जिन्याच्या चार पायऱ्या चढून तिला धाप लागू लागली. बोलता बोलता शब्द सापडेनासा झाला. आम्ही म्हणालो, आजार वाढला. त्यातला आजाराचा वाटा किती आणि आमच्या मायेचा किती, हा प्रश्न आम्हांला तेव्हा सुचलाच नाही.

जग शिकत होते

खरे पाहता अंथरुणाचे तोटे वैद्यकशास्त्राला तोवर चांगलेच कळलेले होते. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली एक लेख लिहून, रोग्याला अकारण झोपवून ठेवल्याने स्नायू, सांधे, हाडे, रक्ताभिसरण आणि मन या साऱ्यांचे कसे नुकसान होते, ते सांगितले. पुढे १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असे.

तिसरा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहायला सांगितले. उठले तेव्हा त्यांची दमश्वासाची क्षमता, म्हणजे श्रमाच्या वेळी शरीर प्राणवायू वापरू शकते ती शक्ती, चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. मौज अशी की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी शक्ती नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने नेली होती! निरोगी तरुणांची ही गत, तर आमच्या आपाचे दोन वर्षांत काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

दमश्वास वाढवणाऱ्या व्यायामाला 'एरोबिक' हे नाव लोकप्रिय केले ते अमेरिकन वायुदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी, १९६८ सालच्या आपल्या पुस्तकातून. झपझप चालणे, सायकल, पोहणे, धावणे हे सारे त्यात येते. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. इब्न सिना (९८० ते १०३७) यांनी 'अल्-कानून' या ग्रंथात आरोग्य राखण्याच्या उपायांत व्यायाम, आहार आणि निद्रा या तिघांना प्रमुख स्थान दिले आहे. व्यायामाची, म्हणजे रियाजतीची, त्यांची व्याख्याही लक्षात ठेवण्याजोगी आहे : ज्यामुळे श्वास खोल आणि जलद घ्यावा लागतो अशी, स्वतःच्या इच्छेने केलेली हालचाल. मात्र एवढ्यावरून सारे शोध आपल्याच पूर्वजांनी लावून ठेवले होते, असे म्हणण्याचा मोह आवरावा. इब्न सिनांना एम. एस. ठाऊक नव्हता. त्यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे लक्षपूर्वक पाहणे. आयते उत्तर नव्हे.

१९९६ : सल्ल्याची परीक्षा

एम. एस.च्या बाबतीत जुन्या सल्ल्याची रीतसर परीक्षा घेतली ती अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या डॉ. जॅक पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ५४ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४० मिनिटे, हात आणि पाय दोन्हींनी चालवायच्या जागेवरच्या सायकलीचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने व्यायाम केला नाही. परिणाम काय झाला? व्यायाम करणाऱ्यांचा दमश्वास वाढला, हातापायांची ताकद वाढली, रक्तातील चरबीचे प्रमाण सुधारले. उदासी आणि थकवा यांतही काही काळ उतार दिसला. 'व्यायामाने रोगी खचेल' हे भाकीत खोटे ठरले.

एका प्रयोगाने जुनी समजूत मोडत नाही. पण तिला तडा गेला. मागोमाग इतर अनेक ठिकाणी असेच प्रयोग झाले. २०१४ साली अशा २६ प्रयोगांतील एकूण १,२९५ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. व्यायाम न करणाऱ्यांत आजाराची उसळी १०० पैकी सुमारे ६ जणांना आली होती. व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ५ जणांना. म्हणजे ज्या भीतीपोटी शंभर वर्षे रोग्यांना बसवून ठेवले, त्या भीतीला आधार सापडला नाही.

मेंदूचे काय?

आता शार्कोंच्या त्या विसरलेल्या निरीक्षणाकडे वळू. १९९१ साली स्टीफन राओ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एम. एस.च्या शंभर रोग्यांची शंभर निरोगी व्यक्तींशी तुलना करून दाखवले, की सुमारे ४३ टक्के रोग्यांमध्ये स्मरण, अवधान किंवा विचारांचा वेग यांत कमतरता असते. शार्को बरोबर होते. मेंदूचा आकारही या आजारात सामान्यापेक्षा लवकर आकसतो, हे एम. आर. आय.मुळे दिसू लागले.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने वेगळी बातमी येत होती. १९९५ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत मज्जापेशींना पोसणारे एक द्रव्य अधिक तयार होते. २०११ साली इलिनॉय विद्यापीठातील आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १२० निरोगी वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालणाऱ्या गटात हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूचा भाग, सुमारे दोन टक्के वाढला होता. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात तो थोडा घटला होता.

मग एम. एस.च्या मेंदूलाही हा लाभ मिळेल का? क्रेमर यांच्याच सहकारी रुचिका शौर्य प्रकाश यांनी २०१० साली एम. एस. असलेल्या २१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा दमश्वास चांगला, त्यांच्या मेंदूतील करडा भाग अधिक टिकून होता, तंतूंचा पांढरा भाग अधिक सुस्थितीत होता आणि विचारांचा वेगही बरा होता. २०१४ साली व्हिक्टोरिया लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी तर असे कळवले, की तीन महिने सायकल चालवल्यावर एका रोग्याचा हिप्पोकॅम्पस आणि स्मरणशक्ती दोन्ही वाढली. अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या रोग्यात तसे झाले नाही.

वाचकहो, येथवर आल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मलाही वाटल्या. पण जी चूक ऊटहोफनंतरच्या लोकांनी केली, तीच उलट्या दिशेने करण्याचा धोका येथे आहे. चौघांवरून सर्वांना विश्रांती सांगणे जसे चूक, तसे एका माणसावरून सर्वांना आश्वासन देणेही चूकच. आणि २१ स्त्रियांच्या त्या अभ्यासालाही मर्यादा आहे : दमश्वास चांगला म्हणून मेंदू टिकला, की मेंदू टिकला म्हणून त्या चालू-फिरू शकल्या आणि त्यांचा दमश्वास चांगला राहिला? दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. माझ्या नववीच्या मुलांना मी कायम सांगतो, की कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे लिहू नका.

म्हणून मोठे प्रयोग झाले. २०२१ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ८६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २४ आठवडे जोराचा एरोबिक व्यायाम करूनही मेंदूचे आकसणे थांबल्याचे दिसले नाही. दमश्वास मात्र सुधारला. २०२३ साली सहा देशांतील ३११ रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. यांना आजाराचा सतत वाढत जाणारा प्रकार होता आणि त्यांच्या विचारांचा वेग आधीच मंदावला होता. १२ आठवड्यांच्या व्यायामाने, मेंदूच्या सरावाने किंवा दोन्ही मिळूनही, तुलनेसाठी दिलेल्या साध्या उपक्रमांपेक्षा तो वेग अधिक वाढला नाही. सर्वच गटांत किंचित सुधारणा झाली, इतकेच.

मग हाती काय राहिले? पुष्कळ राहिले. व्यायामाने दम वाढतो, पायांत बळ येते, मन प्रसन्न राहायला मदत होते आणि आजार त्यामुळे भडकत नाही, याला चांगला आधार आहे. मेंदूचे रक्षण होते का, किती होते, आजाराच्या सुरुवातीपासून आणि वर्षानुवर्षे व्यायाम केला तर काय होईल, हे प्रश्न अजून खुले आहेत. आशेला जागा आहे, जाहिरातीला नाही. आणि व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. १९९३ साली अमेरिकेत या आजारावरील पहिल्या इंटरफेरॉन औषधाला परवानगी मिळाली. त्यानंतर अनेक प्रभावी औषधे आली. आजाराच्या उसळ्या रोखण्याचे काम त्यांचे आहे. कोणी 'गोळ्या सोडा, नुसते चाला' असे सांगू लागला, तर त्याच्यापासून दूर राहा.

घरोघरी काय करावे?

२०१३ साली कॅनडातील तज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम आजार असलेल्या प्रौढांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोनदा तीस मिनिटे मध्यम गतीचा एरोबिक व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम, एवढेच त्यात सांगितले आहे. ज्याला ते जमत नाही, त्याने आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारून पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. उष्णतेचा धडा मात्र विसरू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळच्या गारव्यात चालावे, जवळ थंड पाणी असावे, घरात व्यायाम करताना पंखा लावावा. दृष्टी अंधुक झाली तर सावलीत बसावे. निवल्यावरही त्रास गेला नाही, किंवा नवे लक्षण दिवसभर टिकले, तर डॉक्टरांकडे जावे. आजाराची उसळी चालू असताना डॉक्टर सांगतील तेवढी विश्रांती घ्यावी. विश्रांती वाईट नाही. तिचा कायदा करणे वाईट.

आपण एकटे आहोत असेही समजू नये. १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या उभारणीत रेहमत फजलभॉय या स्वतः हा आजार असलेल्या बाईंचा पुढाकार होता. आपल्या समाजातील मुलींनी हे नाव ध्यानात ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र आणि सवलती यांची चौकशी अवश्य करावी.

आपाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हांला घरी येऊन स्पष्ट सांगितले, "हिला आजाराने जेवढे बसवले त्याहून जास्त तुम्ही बसवले आहे." अम्मीला राग आला, मला शरम वाटली. पहिल्या दिवशी आपा पलंगापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. नंतर गल्लीच्या टोकापर्यंत. आता ती काठी घेऊन रोज सकाळी वीस मिनिटे चालते. ती बरी झाली का? नाही. हा आजार अजून पूर्ण बरा होत नाही. शब्द अजूनही कधी कधी सापडत नाही. तेव्हा ती हसून हाताने खूण करते. पण घरचा हिशेब तिच्याकडे आहे, मोहल्ल्यातील सहा मुली संध्याकाळी तिच्याकडे गणित शिकायला येतात, आणि बाजारातून येताना एक पिशवी ती उचलते. मी हात पुढे करत नाही. मला ते सोपे जात नाही. पण करत नाही.

शेवटी एक विनंती. आपाला चालायला जागा शोधताना आमच्या ध्यानात आले, की मोहल्ल्यातील आजारी आणि वयस्क स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल अशी सपाट, मोकळी जागाच नाही. रस्त्यावर खड्डे, वाहने आणि लोकांच्या नजरा. आपल्या संस्थेचे मैदान फजरच्या नमाजनंतर शाळा भरेपर्यंत रिकामे असते. ते तासभर स्त्रियांसाठी उघडे ठेवता आले आणि कडेला बसायला चार बाके ठेवता आली, तर खर्च फारसा होणार नाही. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा. फाटक उघडायला मी येईन.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच : कोणी कितीही मोठा माणूस काही सांगू लागला, तर अदबीने एक प्रश्न विचारायला शिका. 'हे कशावरून?' १८९० ते १९९६ हा काळ थोडाथोडका नव्हे. हा प्रश्न आणखी लवकर विचारला गेला असता, तर कितीतरी माणसे खिडकीजवळच्या पलंगावरून उठून दारापर्यंत गेली असती.